बांधावर आधी कोण आलं

चैत्र शु. ६, सोमवार
सकाळी रेवसला लाँच लागली, तिच्यातून मास्तरांची नात आली. वैदेही. ओटीवर बसली, पाणी प्याली, वाकून नमस्कार केला. मास्तरांनी मला सातवीपर्यंत ढकललं. पुढे माझंच डोकं चाललं नाही. ही आता विद्यापीठात संशोधन करते. विषय विचारला. म्हणाली, "माणसं हत्यारं का उचलतात आणि खाली का ठेवतात." म्हटलं, एवढ्याला विद्यापीठ कशाला? हसली. दूरदेशीच्या लढायांवरची पुस्तकं वाचून झाली म्हणे. आता एक लहान भांडण मुळापासून शेवटापर्यंत बघायचंय. वरली खार आणि खालली खार. म्हणजे आमचं.
दुपारी जेवण गेलं नाही.

शु. ८, बुधवार. भांग.
भांगाच्या भरतीला जोर नसतो. खाडी अशी पडून होती, जसं काही कुणी तिला थोपटून निजवलं. वै.ला उघाडी दाखवली. बांधातलं दार ते. ओहोटीला उघडायचं, शेतातलं पाणी बाहेर. भरतीला लावायचं, समुद्र बाहेर. दोन गावांना मिळून हा एकच बांध, एकच उघाडी. राखणदार मी, तेव्हाही आणि काल-परवापर्यंतही.
तिने विचारलं, सुरुवात कशाने झाली? सांगितलं. खालल्या खारीतल्या लोकांनी कोळंबीसाठी भरतीला दार उघडं ठेवलं. खाऱ्या पाण्याने आमचं भात करपलं. पुढच्या वर्षी पुन्हा. मग कोयते निघाले. डुकरांसाठी ठेवलेल्या ठासणीच्या बंदुका निघाल्या. त्यांचा हिरू गेला. आमच्याकडचा एक गेला.
"कोण?" तिने विचारलं.
धोंडूदादा. माझा थोरला भाऊ. एवढं बोललो आणि बगळे मोजत बसलो. चाळीसेक वर्षं झाली त्याला.

शु. ११, शनिवार
वै. खालल्या खारीत जाऊन आली. माझी सुमन तिथेच दिलेली आहे, तिच्याकडेच जेवली. सुमनचा नवरा दामू तिकडचा पुढारी. परत आली ती वही छातीशी धरून. म्हणाली, "तात्या, गंमत आहे. इथे सगळे सांगतात, ते आधी रिकाम्या हाताने बांधावर आले. तिथे सगळे सांगतात, तुम्ही आधी आलात. दोन्ही गावं खुशीत."
आमच्यात तसंच होतं. जो आधी रिकाम्या हाताने बांधावर येईल, तो वाकला. म्हणून दोन पावसाळे कुणी आलं नाही. हे मी तिला बोललो, आणि लगेच वाटलं, का बोललो.
"मग आधी खरं कोण आलं?"
"फार दिवस झाले," म्हटलं.
पाणी प्यालो, पुन्हा प्यालो.

पौर्णिमा, बुधवार. उधाण.
दुपारची भरती बांधाच्या माथ्याला टेकली. ऊन असं की समोरचं गाव पाण्यावर तरंगताना दिसतं. मी ओटीवर पडलेलो. डोळा लागला होता की नाही, सांगता येत नाही. धोंडूदादा पायऱ्यांवर बसून चिखलाचे पाय धूत होता. म्हणाला, पांड्या, आधी कोण आलं रे? मी त्याला सगळं सांगितलं. बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं.
डोळे उघडले तर पायऱ्यांवर वै. बसलेली. फोन मधे ठेवलेला. त्यावर लाल ठिपका.

म्हणजे आता तिला ठाऊक. लिहूनच ठेवतो इथेही, एकदा काय ते.
आषाढात उधाण आलं आणि बांधाला खांड गेली. समुद्र आत यायला लागला. दोन्ही गावं आपापल्या टोकाला बंदुका घेऊन उभी, मधून पाणी आत. कुणी हलेना. पाऊस असा की स्वतःचा हात दिसेना. मी आमच्या लोकांकडे धावलो, ओरडलो, "त्यांनी टाकली हत्यारं! चिखलात उतरलेत!" मग तसाच पळत त्यांच्याकडे गेलो आणि तेच सांगितलं. शहाणपण वगैरे काही नाही. भीतीने सुटलं तोंडातून. दोन्हीकडचे उतरले. रांग झाली. चिखलाचे गोळे या हातातून त्या हातात. ज्याच्या गोळीने दादा गेला, त्याच्या हातातला गोळा मी घेतला. संध्याकाळपर्यंत खांड भरली.
ही सोयरीक, येणं-जाणं, लग्नं, सगळं त्या एका खोट्यावर उभं आहे.

वद्य २, शुक्रवार
सुमनचा फोन. "तात्या, आवाज असा का? गोळी घेतली का?" म्हटलं, घेतली. घेतली नव्हती.
तिला हे कळलं तर? दामूला कळलं तर? बाप खोटारडा, हे सासरी कळलं तर मुलीने मान कशी वर करायची? आणि पोरीच्या मागे तिची पोरं.

वद्य ५, सोमवार
वै. कागद घेऊन आली. छापील. मी सांगितलेलं तिने वापरायला माझी हरकत नाही, असं. खाली सहीची जागा.
"तुमची, गावांची, सगळ्यांची नावं बदलीन."
"अगं, एक उघाडी, दोन गावं, एक राखणदार. नाव बदलून काय झाकणार?"
कागद बाजूला सारला. पोर वाईट नाही. मग म्हणाली, "तात्या, मला वाटलं होतं, पंच, बैठक, तह, असलं काही सापडेल. सापडलात तुम्ही. दोघांनाही थांबायचं होतं, पण आधी थांबायची लाज होती. ती लाज तुम्ही काढून घेतलीत. जगात कितीतरी ठिकाणी एवढंच अडलेलं असतं. हे लिहायला नको?"
"तिथल्यांना कळेल, बरोबर. इथल्यांना पण कळेल."
"तुमच्या सहीशिवाय एक अक्षर लिहिणार नाही. पण दुसरं खोटंही लिहिणार नाही. मग तो भाग कोराच जाईल."
जाताना दारात थांबली. "एक विचारू? उघाडीपाशी उभं राहिलं की दोन्ही टोकं दिसतात. मधे झाड नाही, घर नाही. मग तुम्ही सांगितलंत तेव्हा त्यांना समोरचं दिसत नव्हतं?"
"पाऊस होता," मी म्हटलं.
ती गेल्यावर मला वाटायला लागलं, होता ना?

वद्य ८, गुरुवार
पाऊस होता. चिखलात पाय रुतत होते, तो चिखल आठवतो. पण चिखल भरतीचाही असतो. कानात पाण्याचा आवाज आठवतो. तो खांडीचाही असेल. डोळे मिटले की कधी पाऊस दिसतो, कधी लख्ख ऊन, आणि उन्हात दोन्हीकडच्या बंदुकांच्या नळ्या चमकतात. कुठलं मी पाहिलं आणि कुठलं नंतर रचलं?

वद्य ११, रविवार
मंदिरात सभा. उघाडीच्या फळ्या कुजल्यात, पावसाआधी बदलायला हव्यात. खालल्या खारीतून दामू आला. हळूच विषय काढला, फळ्या बदलतोच आहोत तर कोळंबीचं पण बघू. सभा एकदम थंड. आमचा गणा माझ्याच वयाचा, तेव्हा बंदूक घेऊन उभा होता. तो उठला.
"जावईबापू, तुमी चाळीस वर्सांपूर्वी वाकलेले हाव. आता आनी किती वाकाल? पाठ मोडल."
"आमी वाकलो?" दामू हसून म्हणाला. "तात्यांना इचारा, आधी कोन आलतं."
सगळे हसले. सगळ्यांची तोंडं माझ्याकडे. मी खोकत बाहेर आलो.
आज हसले. पण कोळंबीचा विषय तोच, दार तेच. सुरुवात अशाच एका सभेत झाली होती. खोटं बाहेर पडलं आणि हे हसू बंद झालं तर? कागद उशीखाली ठेवला आहे. वळतो तेव्हा कुरकुरतो.

वद्य १३, मंगळवार
दादा आला होता स्वप्नात. विचारलं, त्या दिवशी पाऊस होता का रे? म्हणाला, मी कुठे होतो तेव्हा, मी तर आधीच गेलेलो.
खरंच की.

अमावास्या, गुरुवार
उजाडता उजाडता ओहोटी लागलेली. दोन्ही गावं फळ्या बसवायला उघाडीवर. मलाही नेलं, नुसतं बसायला म्हणून. खाडीवर पांढरट धुकं. खालल्या खारीकडून माणसं येत होती, प्रत्येकाच्या खांद्यावर काहीतरी लांब. फावडी असणार. फावडीच होती. पण जवळ येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता.
फळ्यांच्या कडा चिखलाने बुजवायला रांग लागली. सुमन पण उतरली, पदर खोचून. मला म्हणाली, "तात्या, बसा म्हटलं ना." मी उतरलो. गुडघ्याएवढा थंड चिखल. एका बाजूला सुमन, दुसऱ्या बाजूला गणा. ती गोळा देते, मी गणाकडे सरकवतो. तीच जागा, तेच हात, फक्त कातडी सैल झालेली. वै. बांधावर उभी. फोन पिशवीत.
पलीकडून दामू ओरडला, "गणूदादा, आज कोन आधी आलं?"
"तुमीच! आमी चाय पीत व्हतो," गणा ओरडला. हशा.
त्या हशात मी गणाला हळूच विचारलं. असंच, सहज. "गणा, खांड गेली त्या दिवशी पाऊस केवढा होता ना?"
तो वाकलेला होता, सरळ झाला. माझ्याकडे बघत राहिला.
"पाऊस?" म्हणाला. "कसला पाऊस रं? उघाड पडलेली त्या दिशी. समोरच्याच्या मिशा मोजाव्या, असं ऊन."
मग माझ्याकडे न बघता हात पुढे केला. "दे गोळा. पानी वाट बघत न्हाय."
दिला.

घरी आलो. पाय धुतले, पुन्हा धुतले. सुमनने पाठवलेली भाकरी खाल्ली, सगळी. वै. उद्याच्या लाँचने जाते आहे. कागद उशीखालून काढून या पानात ठेवला आहे. ऊन असेल तर दोन्हीकडच्यांना समोरचं दिसत होतं, तरी उतरले. खालल्या खारीत कुणाला विचारावं का? हिरूची बायको आहे अजून, तिला सगळं आठवतं म्हणतात. की विचारूच नये.
ऊन होतं म्हणाला.