एक जूनचा जन्म

मंगळवार, १२ मे, संध्याकाळ

एकतीसला निवृत्ती. एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिनाअखेरीस निवृत्त होतो, हा नियम पंपहाऊसात सगळ्यांना मीच समजावला. आज मालेगावकडचा निंबा हसून म्हणाला, "तुना नियम आते तुलेच लागना, भाऊ!"

पण मी एक जूनचा नाहीच! शाळेत घालताना गुरुजींनी निम्म्या वर्गाला तीच तारीख दिली. आई म्हणते, मी बाजरीच्या सोंगणीत झालो. म्हणजे ऑक्टोबर. पण सोंगणीला पुरावा कुठला? आणि आता तारीख बदलून मिळत नाही, तोही नियम मला पाठ. मोटारीच्या आवाजावरून बिघाड ओळखायला माझा मी शिकलो. जूनपासून ऐकू काय?

आईला सांगितलं. ती म्हणाली, "आत्ताच कसं घरी बसवत्यात? सोंगणीला लय टाइम हाय अजून."

तिला मात्र मी नियम समजावू शकलो नाही.