आनंदच्या यंत्राने काढलेला मलंगगड

डोंबिवली,
७ ऑगस्ट १९५६

तीर्थरूप भाऊंना मंदाकिनीचा नमस्कार.

कल्याणची हवा कशी आहे? वहिनींची कंबर आता त्यांना वाकू देते ना? इकडे आम्ही सगळी खुशाल आहोत, आणि मी तर कालपासून विशेषच.

तुमच्या कानावर आलंच असेल. इतिहासाच्या तासाला मागच्या बाकावरच्या शुभदाने विचारलं, "बाई, बाहेर जाऊ?" आणि मी म्हणाले, "शाबास, अगदी बरोबर!" नेमके हेडमास्तर दारात. (माणसाने दारात उभं राहावं, पण किती!) बाईंना ऐकू येत नाही, तेव्हा दिवाळीनंतर त्यांचा वर्ग काढून कोठीच्या किल्ल्या हाती द्याव्यात, असं त्यांनी ठरवलं. एकवीस वर्षं शिकवून मी आता खडूंची राखण करायची!

म्हणून काल तुमच्या आनंदचं इस्पितळ गाठलं. आवाज कानी पडला की मेंदूत वीज हलते आणि त्याचं यंत्र ती कागदावर उमटवतं. आवाज जितका मोठा, तितकी रेघ उंच. आता हेडमास्तर काय बोलतात ते बघते, अशा ऐटीत मी खुर्चीत बसले. पण डोक्याला चिकटवलेल्या धातूच्या चकत्या एकेक करून घसरत मानेवर यायला लागल्या. आनंद म्हणाला, "आत्या, तेल किती थापलंयस गं?" म्हटलं, "अरे, चार लोकांत जायचं ते काय कोरड्या केसांनी?" शेवटी त्याने मला नळाखाली धरून साबणाने डोकं धुतलं. लहानपणी मी त्याला न्हाऊ घालत असे, अगदी तसंच. (या वेळी भोकाड मात्र कोणी पसरलं नाही.)

मग कानात टिकटिक सुरू झाली. हळू आवाजाला रेघ जेमतेम फुगली, जरा मोठ्याला टेकाड झालं आणि सर्वांत मोठ्याला तर मलंगगडच उभा राहिला! कागदावर आनंदची सही घेतली आहे. सोमवारी मी तो हेडमास्तरांच्या टेबलावर ठेवणार.

घरच्या सर्वांना माझी आठवण सांगा.

तुमची
मंदा

ता. क. : तो कागद उजव्या कानाचा. डाव्याचाही काढला होता; त्यावरची रेघ शेवटपर्यंत भाताच्या खाचरासारखी सपाट. आनंद म्हणतो, दाखवायचे तर दोन्ही दाखव. बाप म्हणून त्याला जरा समजवा.

आणखी एक : वरचं खोडलं समजा. पोरगा खरं तेच बोलतो आहे. दोन्ही कागद ठेवीन आणि सांगेन, मुलींना माझ्या उजव्या हाताला बसवा, पुढचं माझं मी बघते. तुम्ही फक्त सोमवारी सोबतीला या. आणि रस्त्याने माझ्या उजवीकडून चाला. गेली दोन वर्षं डावीकडून तुम्ही जे जे सांगत आलात, त्यातलं मला काही म्हणजे काही कळलेलं नाही. मी नुसती मान हलवत होते.