माझा पडीक वाफा

माय, आज तुझी वांगी आठवली आणि मान खाली गेली. अनसिंग रोडच्या वावरातली पाण्याची मोटर जळाली होती. मिस्त्री म्हणाला, "पाहतो." तू त्याच्या शब्दावर विसंबून बसलीस, दुसऱ्या कुणाला सांगितलं नाहीस. वांगी रोज थोडी थोडी माना टाकत गेली. शेवटी तो उगवला, तेव्हा वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी आतून त्याला शिव्या घालतोय, आणि तू त्याच्यापुढे चहाचा कप ठेवतेस. म्हणतेस, "नाई म्हनला असता तं म्या दुसरा मिस्त्री पाह्यला असता. तुया 'पाहतो'नं माही वांगी मारली रे भाऊ."

तू कायमची गेल्यावर मी मोबाईलवरचे खेळ बनवणाऱ्यांसाठी एक तयार सांगाडा केला. चित्रं हलणं, आवाज, बोट लागताच उडी, हे सगळं आयतं मिळावं आणि पोरांनी त्यात आपापला खेळ पेरावा. म्हणून फुकट ठेवला, फक्त दुरुस्तीची किल्ली माझ्याकडे ठेवली. नाव दिलं 'वाफा'. फार कौतुक झालं. मग पुण्याची नोकरी लागली, नवे फोन आले, आणि वाफ्याकडे मी फिरकलोच नाही. लोक तक्रारी लिहितात, चिडतात. मी सगळ्यांना गोड उत्तर देतो.

मेडशीच्या एका मुलीनं त्यात तुरीतून रानडुकरं हाकलायचा खेळ केलाय. नोकरीच्या मुलाखतीत तिला तो दाखवायचाय. तिनं लिहिलं, "दादा, नव्या फोनवर सारं काळंच दिसून राह्यलं. तुमी पाहतो म्हनलं म्हनून आमी थांबलो. जमत नसन तं तसं सांगा ना. वाफा आमाले द्या, आमी करतो." किती सरळ बोलली पोरगी! माझ्याच्यानं आता ते होणार नाही, हे मला केव्हाच ठाऊक आहे. पण अजून कुणी भेटलं की विचारतं, "वाफावाला तूच ना?" आणि ते ऐकायला मला आवडतं, माय. म्हणून धड करत नाही, धड देतही नाही.

हे तुला कुठे पाठवणार? लिहायचं त्या पोरीलाच होतं. सकाळी बसलो, "नाही जमत, तू घे" असं लिहिलं आणि पुसून टाकलं. तुझ्याशी खोटं कशाला बोलू? शेवटी तिला एकच शब्द पाठवला. पाहतो.