आठ सप्टेंबरची मुलं

१८ ऑगस्ट
फादरांनी स्मरणिका माझ्या गळ्यात मारली. शाळेला पंचाहत्तर वर्षं होतात, आणि "शोभाबाई, तुम्ही इथेच शिकलात, इथेच शिकवता, इतिहास तुम्हीच लिहा." फादर केरळचे, पण मराठी माझ्या मुलापेक्षा शुद्ध. हो म्हटलं. मग त्यांनी हळूच दुसरी गोष्ट काढली. पुढच्या जूनमध्ये मराठी माध्यमाचा पहिलीचा वर्ग, दहा फॉर्म आले तरच उघडणार. आज चार आहेत. बारा सप्टेंबरला निर्णयाची सभा.
"मग मी इतिहास लिहू की मृत्युलेख?" तोंडून निघून गेलं. फादर रागावले नाहीत, चहा मागवला. त्यांच्यावर चिडताही येत नाही, हीच पंचाईत.

२१ ऑगस्ट
जुनं रजिस्टर काढलं. पहिल्या पानावर सात नावं. चर्चचा व्हरांडा, एक फळा, आणि शिकवायला सिस्टर (सि.) फिलोमिना. आज तीन मजले आहेत, पण सुरुवात त्या सातांची आणि मराठीत.
जन्मतारखेचा रकाना: ८ सप्टें., ८ सप्टें., ८ सप्टें. गिरणी कामगारांच्या, भाजीवाल्यांच्या घरची पोरं. "कधी जन्मला?" विचारलं की आया सांगायच्या, "ज्वारी निसवली होती तवा." सि. तारीख लिहायच्या मरियामातेच्या जन्मदिवसाची. म्हणायच्या, दिवस द्यायचाच तर मोठ्या घरचा द्यावा. त्या दिवशी आम्हा सगळ्यांना मैदानात ओळीनं उभं करून प्रत्येकाला एक केळं आणि एक मेणबत्ती. घरी कुणी कधी वाढदिवस केला नव्हता. हिंदू पोरांनाही तेच, कमी नाही, जास्त नाही. काय बाई होती!
बरीच पानं उलटली तर मी, तीच तारीख. आई सांगायची, मी आंबे उतरायच्या दिवसांतली. म्हणजे खरं तर मी मे महिन्यातच निवृत्त व्हायची. सि.च्या शाईमुळे ३० सप्टें.पर्यंत आहे. हे चार महिने त्यांनी दिलेले, वाया घालवायचे नाहीत.

२७ ऑगस्ट
फॉर्म गोळा करत फिरतेय. सहा झाले. शालूच्या भाजीच्या दुकानात गेले. तीही आठ सप्टेंबरवाली, माझ्याच बाकावरची. नातवाचा फॉर्म भर म्हटलं.
"भरतो. पण तुही नात कुठी जाऊन राहिली वं?"
"बेशाच्या शाळेत, केजीला."
"इंग्लिशमंदी?"
मी मान हलवली.
"मंग मले काहून सांगतं?"
पाव किलो भेंडी घेतली, गरज नसताना.

२ सप्टें.
जेवताना प्राचीजवळ नातीच्या, मिहीच्या, शाळेचा विषय काढला. सून धंतोलीतल्या दवाखान्यात नर्स आहे, बोलते कमी. आज बोलली.
"आई, मी मराठी शाळेतलीच. डॉक्टर इंग्लिशमधी बोलून राहिले की अजून दोनदा विचारा लागते. मिहीले तसं नाही होऊ देणार मी."
तिचं चुकलं काय? काहीच नाही. मी तरी मुलाला त्या वेळी कुठे मराठीत घातलं होतं... जाऊ दे. लेखात सि.बद्दल दोन पानं भरभरून लिहिली, आणि झोपेपर्यंत स्वतःची लाज वाटत राहिली.

८ सप्टें.
चर्चमध्ये मिसेची प्रार्थना झाली आणि ओळ लागली. आता मुलांकडे जन्माचे दाखले असतात, पण ओळ चुकत नाही. जुने लोक येतात. तीसेक जण. रिक्षावाले, एक डॉक्टर, एक सावनेरहून खाणीतली ड्यूटी बदलून आलेला. टकलं, चष्मे, गुडघेदुखी, आणि हातात केळं. फादर स्वतः मेणबत्त्या वाटत होते. मिहीला नेलं होतं. तीही ओळीत घुसली. "आजी, माझा पण आज हॅप्पी बर्थडे?"
शालू नातवाला घेऊन आली. फॉर्म भरलेला. "तुह्यासाठी नाही गा फादर, सिस्टरसाठी," असं तोंडावर सांगितलं त्यांना. फादर हसले.
मग फॉर्म मोजून म्हणाले, "नऊ." माझ्याकडे पाहिलं नाही, तेच लागलं.

१० सप्टें.
दहावा फॉर्म मीच भरला. नाव, पत्ता. जन्मतारीख लिहिताना हात थांबला. मिहीची तारीखच काय, वेळसुद्धा मिनिटासकट ठाऊक आहे. पालकाची सही सोडून सगळं लिहून फॉर्म जेवणाच्या टेबलावर ठेवला. लपवाछपवी नको. प्राची ड्यूटीवरून आली, उभ्या उभ्या वाचला, हात धुवायला गेली.

११ सप्टें.
सकाळी टेबलावर फॉर्म नाही. कचऱ्याच्या डब्यातही पाहिलं, खोटं कशाला लिहू. मिही म्हणाली, "मम्मीनं पर्समधी ठेवला."
सही केलीय का, तिला माहीत नाही. फोन करावासा वाटला, केला नाही. सभा उद्या अकराला. प्राची सातला येईल. भेंडी चिरून ठेवलीय, तिला आवडते तशी, गोल.