काणीचं पोतं

राधानगरी, रविवार, दिवेलागणीनंतर

अंगावर अजून काळी भुकटी. कोल्हापुरात बसून लेखांतून लोकांची खिल्ली उडवणारा मी आज वहिनीच्या उसातली काणी काढायला गेलो. या बुरशीचा चाबकासारखा काळा शेंडा आधी पोत्यात झाकायचा, मग कापायचा. नाहीतर भुकटी उडून शेजारचा ऊसही जातो. मी तसाच उपटला.

"भावजी, लिवतायसा तसंच उपटतायसा की, सगळ्यांच्या अंगावर उडवत!"

तेवढ्यात सरीत खवले मांजर दिसलं, मुटकुळं करून पडलेलं. बांधावरून शेजारचा तुका येत होता. त्याला सापडलेलं जनावर जिवंत सुटत नाही. वहिनीनं झटकन पोतं त्यावर टाकलं.

"काय झाकलंय, वैनी?"

"काणी. उचलतोस? वारं तुझ्याच उसाकडं हाय."

तुका मागं न बघता गेला.

काणी संपवावी म्हणून राबतोय, ती संपत नाही. खवले मांजर उरावं म्हणतोय, ते उरत नाही. आज मात्र एकीच्या नावावर दुसरं वाचलं. अंधारल्यावर पोतं उचललं, तर खवले मांजर हळूच उलगडून रानाकडं गेलं.

जन्मात पहिल्यांदा काणीचे आभार मानले. वहिनीचेही मानायला गेलो, तर म्हणाली, "आधी आंघोळ करा."