मधले अठरा फूट

भायखळा,
ता. २० नोव्हेंबर १९५८

चि. श्यामकांत भाऊजी यांस राजलक्ष्मीचे अनेक आशीर्वाद.

परळच्या कामातला अठरा फूट नळ कोणाच्याच वाट्याला आलेला नाही, म्हणून हे पत्र लिहावे लागत आहे. एरवी गेली तीन वर्षे आपले कारकून एकमेकांशी बोलतात तेवढे पुरत होते.

तुमची प्रकृती बरी असेल. माझी बरी आहे. शेडच्या मागच्या भिंतीला ओल आली होती, ती दुरुस्त करून घेतली.

आता काम. कापड रंगवायच्या त्या कारखान्याने बॉयलर बसवण्याचे काम मला दिले, टाकीचे आणि पंपाचे तुम्हाला. कोणी काय करायचे आणि कोठे थांबायचे याचा तपशील दोघांनीही लिहून दिला. माझ्या कागदात "बॉयलरच्या तोंडापासून पुढे" आहे, तुमच्या कागदात "पंपाच्या तोंडापर्यंत". काल मॅनेजर मनमोहन यांनी मला बोलावून दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले.

"बाई, मानकरसाहेबांचं काम इथं संपलं. तुमचं इथून सुरू. मधे पाणी काय उडत जाणार?"

"त्यांना विचारा," मी म्हटले.

"विचारलं. ते म्हणाले, आधी वहिनींना विचारा."

सोमवारी दोघांच्या सह्यांचा एकच तपशील त्यांना टेबलावर हवा. नाहीतर सगळे काम कलकत्त्याच्या कंपनीला जाईल. तसे झाले तर पावसाळ्यापर्यंत माझ्या शेडमध्ये मोठे काम नाही. तुमच्याकडेही नाही, असे ऐकते.

बेळगावच्या हद्दीवर तुम्ही सभांतून तासतासभर बोलता म्हणे. एकेका गावाचे नाव तोंडपाठ. आणि स्वतःच्या पंपाची हद्द एका ओळीत लिहिता येऊ नये? मीही लिहिली नाही, हे खरे. मधले दुसऱ्याने बघावे, असे दोघांनाही वाटले.

तर मी सामाईक तपशील तयार करून घेतला आहे. आमच्याकडे काही महिन्यांपासून एक नवे माणूस येते, मसुदा त्याने लिहिला. काय करायचे नाही ते आधी लिहायचे, अशी त्याची पद्धत आहे. भिंत कोणी फोडायची, कोणी बुजवायची, चाचणीचे पाणी कोणी पुरवायचे, उलटे येणारे पाणी रोखणारी झडप नळाच्या कोणत्या टोकाला, सगळे आले आहे. माझ्या आधीच्या कागदातल्या "आवश्यक त्या झडपा" या शब्दांवर बोट ठेवून मलाच विचारले, "आवश्यक म्हणजे किती? भांडणाची सोय करून ठेवलीत का?" बुधाजी मिस्त्री हसला, तर त्यालाही ऐकवले, "हसू नका, उद्या शिडीवर तुम्हालाच चढायचंय." या शेडमध्ये माझ्याशी असे कोणी बोलत नाही. मी रागावले नाही.

नळाचे काय करायचे, हे राहिले होते. मी म्हटले, मध्यावर सांधा घाला, अर्धा त्यांचा, अर्धा माझा. तर ती म्हणाली, "नको. सांधा तिथंच गळेल, आणि मग दोघंही म्हणाल, गळती माझी नाही."

"ती" लिहून गेले. कागद फाडणार होते, पण राहू दे. पानभर "माणूस" लिहून मी व्याकरणाच्या आड बसले होते. मसुदा उर्मिलेने लिहिला आहे. तुमच्या उर्मिलेने.

दुपारी ती समितीची पत्रके लिहायला जाते, असे तुम्हाला वाटते. बुधवारी जातेही. बाकीचे दिवस माझ्याकडे असते. मी तिला फूस लावली नाही. पहिल्या दिवशी परत पाठवली. दुसऱ्या दिवशी स्वतःचा डबा घेऊन आली. बी.एस्सी. झाल्यावर तिने आधी तुम्हालाच विचारले होते. "कारखान्यात मुलींचं काय काम?" असे तुम्ही म्हणालात.

हे मला नवे नाही. तुमचे दादा गेले तेव्हा, "वहिनी, तुम्ही घर बघा, कारखाना मी बघतो," असे म्हणाला होतात. मी किल्ली दिली नाही. त्याचे मला आजही वाईट वाटत नाही. तुम्ही येणेच बंद केलेत, त्याचे वाटते.

नळ तिने पूर्ण तुमच्या वाट्याला घातला आहे, आणि त्याची चाचणी माझ्या.

"बाबांची बाजू घेतलीस होय गं?"

"बाजू कसली, काकी? बाबांचा फिटर नळ चांगला जोडतो. चाचणी मात्र तुमच्याइतकी कडक कोणी घेत नाही."

कलम नऊ असे आहे की चाचणीच्या वेळी दोन्ही मालकांनी जातीने हजर राहावे. असे कलम मी आजवर कोणत्याही तपशिलात पाहिलेले नाही. ते खोडावे असेही मला वाटले नाही.

वाचा. शंका आली तर तिलाच विचारा. उत्तर येत असेल तर देईल, येत नसेल तर तसे सांगेल. तेवढे तुमच्या-माझ्या फारशा माणसांना जमत नाही. पटले तर सही करा, आणि उद्यापासून ती कोठे जाते ते तिला खरे सांगता येऊ दे. तुमच्याकडे दादरला यायची तिची तयारी असेल तर मी अडवणार नाही. अर्धे दिवस मागेन.

पत्र तिच्याच हाती पाठवते आहे. तुम्ही हे वाचत असाल तेव्हा ती समोर उभी असेल. तिला बसायला सांगा.

सोमवारी दहा वाजता मी परळला कारखान्याच्या फाटकापाशी असेन. एकटीने आत जायची मला सवय आहे. या वेळी थांबेन.

तुमची वहिनी,
राजलक्ष्मी

उर्मिलेच्या हवाली केले: सामाईक तपशील, प्रती दोन, माझी सही झालेल्या. नळाचा नकाशा एक, मूळ. नकाशाला घडी घालू नये.

वरील सर्व मिळाले. घडी घातलेली नाही.
उर्मिला श्यामकांत मानकर