चौकटीबाहेरची ओळ

प्रिय रश्मी,

जय भीम. तुझ्या बाबांना, ज्योतीरामकाकांना जाऊन दोन महिने होतील, आणि अंत्ययात्रेनंतर मी दापोडीहून महाळुंग्याला एकदाही तुला भेटायला आले नाही. कामाचं कारण सांगत राहिले. खरं तर तुझ्या दारात उभं राहायची हिंमत होत नव्हती.

काकांच्या कंपनीचं सूचनांचं पान मीच बनवलंय. शिफ्टला जाताना कामगार ते मोबाइलवर उघडतात. काका एकदा बसस्टॉपवर भेटले तेव्हा म्हणाले होते, "मैत्री, अक्षरं मुंगीएवढी दिसतात गं. फोनमध्येच मोठी करून घेतलीत मी." मी नुसतीच हसले. पान करताना प्रश्न साधा होता: सूचनेची चौकट अक्षरांबरोबर वाढू द्यायची, की पिक्सेलमध्ये मोजून पक्की बांधायची? पक्की चौकट नेटकी दिसते, साहेबांनाही आवडली. मी ती पक्की बांधली.

आता जे लिहितेय ते घरी माझ्या धम्मपालदादालाही बोलले नाही. पान कुणी किती वाजता, किती मोठ्या अक्षरांत उघडलं, याची नोंद माझ्याकडे येते. साडेचारशे कामगारांत एवढी मोठी अक्षरं फक्त काकांचीच. त्यांचा फोन तर पत्रे दाबायच्या प्रेसखाली त्यांच्याबरोबरच चुरडला. तरी रोज दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी, त्या दिवशी त्यांनी उघडलं होतं त्याच वेळी, तेवढ्याच अक्षरांत ते पान उघडतं. सगळं तपासलं, चूक सापडली नाही. परवा मी स्क्रीनसमोर बसूनच राहिले. ऑफिसात माणसं चहा पीत हसत होती, आणि माझ्यापुढे नोंद उमटली. पान चाळीस मिनिटं उघडं होतं. खालची ओळ शोधत कुणीतरी थांबल्यासारखं.

मग मी माझ्या फोनची अक्षरं तेवढी मोठी केली आणि त्या दिवशीची सूचना काढली. चौकटीत मावलं नव्हतं ते कापलं गेलं होतं. दिसत होतं एवढंच: 'चार नंबरची प्रेस सुरू करायची'. 'नाही' खालच्या ओळीत गेलं होतं.

आता चौकट अक्षरांबरोबर वाढते. तरी आज तीन दहाला पान उघडलंच.

अपघाताच्या अहवालात लिहिलंय, कामगाराने सूचना वाचली नाही. अंत्ययात्रेत तूही रडत तेच म्हणत होतीस, बाबांनी वाचायला हवं होतं. रश्मी, बाबांनी वाचलं होतं गं. मी जेवढं दिसू दिलं, तेवढं सगळं वाचलं होतं. उद्या कारखाना निरीक्षकांकडे हे लेखी देणार आहे. त्याआधी तुला ते माझ्याच हातून कळायला हवं होतं.

लिहायचा हक्क उरला नसेल, तरी तुझीच,
मैत्री